तीन पानी बायोडेटा

बायोडेटा किती पानांचा असावा, याचा एकदा कायमचा निकाल लागायला हवा. माझी एचआरमधली मैत्रीण म्हणते, एक पान बास, त्यापुढचं कुणी वाचत नाही. लग्नं जमवणाऱ्या काकू म्हणतात, दोन तरी हवीत गं, मामांची गावं कुठे लिहिणार? आणि आम्हा फ्रीलान्सर लोकांचं तर विचारूच नका. बायोडेटा दर सहा महिन्यांनी लांबतो, बँक बॅलन्स आहे तिथेच!

आज ज्याची ओळख करून देणार आहे, त्याचा बायोडेटा बरोब्बर तीन पानी आहे. पानं म्हणजे खरोखरची, हिरवी. एका देठावर तीन पानं, त्यांच्या मधोमध एक फूल, फुलाला तीन पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, पाकळ्यांमागे तीन हिरवी टोकदार पाती. सगळा मामला तीनचा, म्हणून नाव ट्रिलियम. पूर्ण नाव ट्रिलियम ग्रँडिफ्लोरम, म्हणजे मोठ्या फुलाचं ट्रिलियम. मोठं म्हणजे तरी किती? तळहातावर मावेल एवढं. उंची गुडघ्याच्याही खाली. मुक्काम उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांमध्ये, मोठ्या झाडांच्या पायाशी. वसंतात दोन-तीन आठवडे फुलतं, जाताजाता गुलाबी होतं, आणि विषय संपला.

यात कॉलम लिहिण्यासारखं काय, असं वाटत असेल तर दोन मिनिटं थांबा. मशीनची कॉफी घेऊन या. या फुलाचा सीव्ही वाचला की आपलं ‘पाच वर्षांत मॅनेजर, सात वर्षांत टू बीएचके’ हे प्लॅनिंग जरा पोरकट वाटायला लागतं.

नाव आणि पत्ता

२०२३ च्या मे महिन्यात मी टोरंटोजवळ मावसबहिणीकडे गेले होते. पहिला आठवडा मॉल, आउटलेट, पुन्हा मॉल असा झाला. मग एका शनिवारी जिजूंनी जाहीर केलं, ‘‘आज जंगल.’’ तिथे ब्रूस ट्रेल नावाची एक पायवाट आहे. नायगाराजवळच्या क्वीन्स्टनपासून उत्तरेला टोबरमरीपर्यंत, जवळजवळ ९०० किलोमीटर! १९६७ मध्ये ती अधिकृतपणे खुली झाली. आम्ही त्यातले चार किलोमीटर चाललो आणि डब्यातली साबुदाणा खिचडी खाऊन परत आलो. पण त्या चार किलोमीटरमध्ये मी ट्रिलियम बघितलं.

तिकडचा मे म्हणजे नुकता कुठे थंडीचा कोट कपाटात गेलेला असतो. मेपल आणि बीचच्या उंच झाडांवर अजून धड पालवी नाही. खाली गेल्या वर्षीच्या पानांचा तपकिरी चिखल. आणि त्या तपकिरीवर, नजर जाईल तिथपर्यंत पांढरं. मला क्षणभर वाटलं, बर्फ वितळायचा राहिलाय. जवळ गेल्यावर कळलं, फुलं आहेत. हजारो! सगळी एकाच उंचीची, शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी.

ताईचा पाच वर्षांचा चिरंजीव अर्थातच सगळ्यात आधी खाली वाकला आणि त्याने हात पुढे केला. तेवढ्यात काठी टेकत येणाऱ्या एका गोऱ्या आजींनी लांबूनच आवाज दिला, ‘‘नो नो, स्वीटी! दॅट्स अगेन्स्ट द लॉ!’’ पोराने हात असा मागे घेतला जसा काही करंट बसला. जिजूंनीही मान डोलावली. ‘‘हो, दंड होतो इथे.’’

घरी आल्यावर पत्रकारितेतला किडा वळवळलाच. शोधलं. तर गंमत म्हणजे, ऑण्टॅरिओ प्रांतात हे फूल कुठेही तोडलं तर गुन्हा, असा कायदाच नाही! सरकारी पार्कांत आणि संरक्षित जागांत कुठलंच झाड-फूल तोडता येत नाही, तेवढंच. ट्रिलियमसाठी खास कायदा व्हावा म्हणून २००९ मध्ये तिथल्या विधानसभेत एका सदस्याने खासगी विधेयक मांडलं होतं. ते पास झालं नाही. पण आख्ख्या प्रांताची पक्की समजूत आहे की कायदा आहे. आजी आईला सांगतात, आई मुलाला सांगते, आणि मूल हात मागे घेतं. नसलेल्या कायद्याने एवढं काम केलेलं मी तरी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही. आपल्याकडे असलेल्या कायद्यांबद्दल न बोललेलंच बरं.

ही समजूत रुजायला कारणही तसंच आहे. पहिल्या महायुद्धात परदेशी मातीत पुरलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या कबरींवर लावायला एखादं राष्ट्रीय फूल हवं, असा विचार पुढे आला, त्यात ट्रिलियमचं नाव होतं. राष्ट्रीय फूल काही ते झालं नाही, पण १९३७ मध्ये ऑण्टॅरिओने त्याला प्रांताचं अधिकृत फूल केलं. मग काय, जिथे बघाल तिथे ट्रिलियम. टोरंटोच्या बेटांवर जाणारी १९१० सालची जुनी वाफेची फेरी बोट आहे, तिचं नाव ट्रिलियम. तिथल्या फ्रेंच भाषकांच्या हिरव्या-पांढऱ्या झेंड्यावर ट्रिलियम. सरकारच्या लोगोत ट्रिलियम.

लोगोवरून तर राडाच झाला होता. २००६ मध्ये सरकारने तो बदलून जरा मॉडर्न, गोलसर केला. लोक म्हणाले, हे फूल नाही, हॉट टबमध्ये बसलेली तीन माणसं आहेत! एकदा असं कुणी म्हटलं की दुसरं काही दिसतच नाही. शेवटी २०१९ मध्ये पुढच्या सरकारने जुन्या वळणाचं ट्रिलियम परत आणलं. गुडघ्याएवढ्याही उंचीच्या नसलेल्या फुलासाठी एवढं राजकारण. मानलं!

अनुभव

आता मुद्द्याचं. या फुलाला पहिल्यांदा फुलायला किती वर्षं लागतात?

सात ते दहा.

महिने नाही. वर्षं. त्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी तिथे बी टाकलं असतं, तर पहिलं फूल बघेपर्यंत त्यांना मिसरूड फुटलं असतं.

होतं असं. बी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जमिनीवर पडतं. मग एक अख्खा बर्फाळ हिवाळा काढतं. वसंतात उगवतं म्हणावं, तर नुसतं मूळ फुटतं, तेही जमिनीखाली. वर काहीच नाही. मग दुसरा हिवाळा. त्यानंतर कुठे एक चिमुकलं पान वर येतं. एक. पुढची काही वर्षं दर वसंतात तेवढं एकच पान येतं, ऊन खातं, कमाई जमिनीखालच्या गड्ड्यात भरतं आणि सुकून जातं. गड्डा म्हणजे आपल्या आल्या-हळदीसारखा, जमिनीत आडवा पसरणारा. तो पुरेसा भरला की एका वर्षी एकाऐवजी तीन पानं येतात. लोकांना वाटतं, झालं! छे. फूल अजून नाहीच. तीन पानांवर पुन्हा काही वर्षं जातात. आणि मग एका मे महिन्यात, कुठलीही पूर्वसूचना न देता, मधोमध पांढरी कळी.

आपल्याला सात वर्षांनी फुलणारी कारवी माहीत असते. सह्याद्रीतली जांभळी कारवी. दोघांत फरक आहे. कारवी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. ट्रिलियमचं तसं नाही. एकदा फुलायला लागलं की पुढे जवळपास दरवर्षी फुलू शकतं, वीस-तीस वर्षं आरामात. गड्ड्यावर दरवर्षीच्या वाढीची खूण राहते, त्यावरून वय मोजतात. म्हणजे ब्रूस ट्रेलवर ज्या फुलांसमोर आम्ही फोटोला उभे होतो, त्यातली कितीतरी माझ्या वयाची असणार. माझ्याहून जास्त सेटल्ड आहेत, ते सोडा.

आणि आता त्या आजींचं बरोबर का होतं, ते सांगते. ट्रिलियमचं फूल बसतं तीन पानांच्या जेमतेम वर, आखूड दांडीवर. घाईत तोडलं की पानांसकट हातात येतं. आणि ती तीन पानंच त्या वर्षाची सगळी कमाई करणारी असतात. ती गेली की त्या वर्षी दुसरी येत नाहीत. पुन्हा पान यायचं ते पुढच्या वसंतात. झाड नेहमी मरतंच असं नाही. पण गड्ड्यातली शिल्लक खाऊन वर्ष काढतं, आणि पुढच्या वेळी बारीक होऊन उगवतं. फुलाचं झाड पुन्हा नुसत्या तीन पानांवर, कधी तर थेट एका पानावर येतं. शुद्ध मराठीत डिमोशन. तिथून परत फुलापर्यंत चढायचं, तर पुन्हा काही वर्षं गेली.

याच कारणाने हे फूल बागेत आणणंही सोपं नाही. बियांपासून वाढवून विकायचं तर नर्सरीवाल्याने इतकी वर्षं खर्च करायचा कुठून? म्हणून विकायला ठेवलेली झाडं बऱ्याचदा सरळ जंगलातून उपटून आणलेली असतात. दहा वर्षांचं काम दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं आहे, आपण फक्त खणायचं! हा शॉर्टकट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

कामाची वेळ

एवढं सगळं हे झाड वर्षाच्या कुठल्या काळात करतं, ते आणखी इंटरेस्टिंग आहे. मेपलच्या जंगलात उन्हाळा म्हणजे जमिनीवर अंधार. वरती पानांचं छप्पर इतकं दाट की खाली ऊन झिरपतच नाही. हिवाळ्यात ऊन येतं, पण तेव्हा जमीन गोठलेली. मधले काही आठवडेच काय ते कामाचे. बर्फ गेलंय, माती ओली आहे, झाडांवर पानं यायचीत, आणि सगळं ऊन थेट जमिनीपर्यंत. ट्रिलियमची बरीचशी कमाई या खिडकीत होते. नंतर छप्पर बंद झालं तरी पानं उन्हाळ्यात टिकतात, पण तो सगळा पार्टटाइम जॉब.

आता ही खिडकीच लहान होत चालली तर?

ते कसं कळलं, त्याची गोष्ट मस्त आहे. हेन्री डेव्हिड थोरो हे नाव आपण ऐकलेलं असतं ते गांधीजींमुळे. सविनय कायदेभंगावरचा त्याचा निबंध गांधीजींनी वाचला होता. हाच थोरो १८५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉन्कर्ड गावाच्या रानात रोज भटकायचा, आणि कुठल्या झाडाला कधी पान फुटलं, कुठलं रानफूल कधी उमललं, याच्या नोंदी करून ठेवायचा. दीडशे वर्षांनी संशोधकांनी त्या वह्या काढल्या आणि आजच्या नोंदींशी ताडून बघितल्या. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हवा तापल्यामुळे जमिनीवरच्या रानफुलांना थोरोच्या काळापेक्षा साधारण आठवडाभर आधी पानं येतात. चांगलंय की, असं म्हणाल. पण वरच्या झाडांना साधारण दोन आठवडे आधी येतात! म्हणजे खालच्यांनी ऑफिसला लवकर यायला सुरुवात केली, तर वरच्यांनी त्याहून लवकर येऊन लाइट बंद करायला सुरुवात केली. ज्याची वर्षभराची कमाई या काही आठवड्यांवर उभी आहे, त्याला एक आठवडा कमी पडणं म्हणजे काय, हे महिन्याच्या पंचवीस तारखेला आपल्याला कुणी समजवायला नको.

रेफरन्सेस

प्रत्येक बायोडेटाच्या शेवटी दोन नावं असतात, ‘यांच्याकडे चौकशी करावी’. ट्रिलियमची दोन नावं आहेत मुंगी आणि हरीण. दुसऱ्याकडे जरा जपून चौकशी करा.

आधी मुंगी. ट्रिलियमच्या प्रत्येक बीला एक छोटा, तेलकट, मऊ तुकडा चिकटलेला असतो. बीला त्याचा स्वतःला काही उपयोग नाही. तो आहे मुंग्यांचा डबा. मुंग्या बी उचलून वारुळात नेतात, तो तुकडा पिल्लांना भरवतात आणि उरलेलं कडक बी कचऱ्यात टाकतात. मुंग्यांचा कचरा म्हणजे भुसभुशीत, खतावलेली माती. बीचं काम झालं! झाडाने दिलं जेवण, मुंगीने केली डिलिव्हरी. तक्रार कुणाचीच नाही.

पण यात एक हिशोब जुळत नव्हता. मुंगी बी नेऊन नेऊन नेणार किती लांब? काही मीटर. आणि साधारण वीस हजार वर्षांपूर्वी आज जिथे ऑण्टॅरिओ आहे तिथे सगळा बर्फाचा थर होता, किलोमीटरहून जाड. ट्रिलियम तेव्हा तिथे असणं शक्यच नव्हतं, ते दक्षिणेकडून आलं. एका पिढीला सात-दहा वर्षं, आणि एका पिढीत मुंगीची काही मीटरची चाल. या स्पीडने ते आज तिथे पोचलेलंच नसायला हवं! मग आलं कसं?

न्यूयॉर्क राज्यातल्या संशोधकांनी २००३ मध्ये याचं एक उत्तर मांडलं, आणि ते चक्क हरणाच्या लेंड्यांमध्ये सापडलं. पांढऱ्या शेपटीची हरणं ट्रिलियम खातात, बियाही पोटात जातात, आणि त्यातल्या काही शाबूत बाहेर पडून रुजतात. तोवर हरीण किलोमीटरच्या वर लांब गेलेलं असतं. मुंगी शेजारी सोडते, हरीण दुसऱ्या गावी सोडतं. मुंगी म्हणजे रिक्षा, हरीण म्हणजे एसटी.

आणि हेच हरीण आज ट्रिलियमच्या मुळावर उठलंय. लांडगे आणि पुमा माणसाने संपवले, तिथे हरणं वाढली. त्यांना ट्रिलियम मनापासून आवडतं. त्यातही मोठी, उंच, फुललेली झाडं आधी. म्हणजे सगळ्यात सीनिअर लोक पहिले जातात. उरतात ती खुजी. हे इतकं नियमाने होतं की इलिनॉयमधल्या जंगलांत काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये सुचवलं, हरणं किती झालीत ते कळायला हरणं मोजूच नका, ट्रिलियमची उंची मोजा! झाडं बुटकी झाली की समजा, वर हरणं जास्त झाली. एखाद्या ऑफिसात सगळे ज्युनिअरच दिसायला लागले की आपण काय समजतो? तेच.

नातेवाईक

इथपर्यंत वाचून म्हणाल, छान आहे बाई, पण कॅनडा कुठे, आपण कुठे. व्हिसा मिळेल तेव्हा बघू.

थांबा. बायोडेटात नातेवाईक हा कॉलम असतोच. ट्रिलियमच्या घराण्यात चाळीसहून जास्त प्रजाती आहेत. बहुतेक उत्तर अमेरिकेत, थोड्या पूर्व आशियात. आणि एक आहे आपल्या हिमालयात. शास्त्रीय नाव ट्रिलियम गोवानियानम. हिमाचलात तिला म्हणतात नागछत्री.

हे मला २०२४ च्या मेमध्ये कळलं. आपल्या पुण्या-मुंबईची निम्मी आयटी मे महिन्यात हिमाचलातच असते, तशी मीही होते. जलोडी पासवरून सेरोलसर तळ्याकडे जाणारी सुंदर वाट आहे, ओकच्या जुन्या झाडांखालून. बरोबरचा लोकल गाइड, वय असेल बावीस-तेवीस, वाटेत एका जागी थांबला आणि पानांकडे बोट करून म्हणाला, ‘‘दीदी, ये देखो, नागछत्री.’’ तीन पानं, उघडलेल्या छत्रीसारखी. मधोमध एक फूल. पांढरं नाही, जांभळट-हिरवट, सहा बारीक पाकळ्यांचं. पटकन नजरेतही भरणार नाही असं. पण ती तीन पानं! परक्या शहरात अचानक ओळखीचं आडनाव ऐकू यावं तसं झालं मला.

मी फोटो काढत होते तेव्हा तो म्हणाला, ‘‘पहले बहुत था.’’ आणि जमिनीखालचं काहीतरी ओढून काढल्याची हाताने खूण केली.

नागछत्री हिमालयात साधारण अडीच ते चार हजार मीटर उंचीवर, जंगलांच्या सावलीत वाढते. तिची किंमत फुलात नाही, गड्ड्यात आहे. त्यात स्टेरॉइड गटातली द्रव्यं असतात, त्यातलं एक डायोस्जेनिन. हे नाव औषधांच्या इतिहासात मोठं आहे. १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या एका रानकंदातून हेच द्रव्य काढून हार्मोन बनवायला सुरुवात झाली आणि पुढे गर्भनिरोधक गोळीचा रस्ता मोकळा झाला. पहाडातले लोक नागछत्री घरगुती औषधात वापरत होतेच. पण गेल्या काही वर्षांत बाहेरून मागणी आली आणि भाव किलोला हजारो रुपयांवर गेला. मग लोक जंगलात शिरले, कुदळी घेऊन. चोरून काढलेल्या नागछत्रीची पोती पकडल्याच्या बातम्या हिमाचलातून येत असतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, तिला संकटग्रस्त वनस्पतींमध्ये टाकलंय.

आता मगाचा हिशोब लावा. हीसुद्धा त्याच संथ घराण्यातली. गड्डा बोटाएवढा, वाळला की आणखी हलका. एक किलो भरायला किती लागत असतील? आणि तो एकेक गड्डा किती हिवाळ्यांचा? फूल तोडलं तर निदान गड्डा उरतो, झाड डिमोट होऊन का होईना परत येतं. इथे गड्डाच जातो. त्यात तो बऱ्याचदा बी पिकण्याआधीच काढला जातो, म्हणजे पुढची बॅचही नाही.

खणणारा राक्षस वगैरे नसतो, हेही सांगितलं पाहिजे. त्या गाइडच्या ओळखीतलेच लोक जायचे, त्याने सरळ सांगितलं. सीझन चार महिन्यांचा, बाकी वर्ष रिकामं, आणि जंगलात पडलेल्या वस्तूला कुणी किलोवर पैसे देतंय. कोण नाही म्हणेल? खणणाऱ्याला दिसतो आजचा भाव. त्या भावात दहा वर्षं धरलेली नसतात, कारण ती दहा वर्षं काढताना कुणी बघितलेलंच नसतं. मला राग आला तो या गोष्टीचा. एकाच घराण्यातली दोन फुलं. एक सरकारी लेटरहेडवर, लोगो बिघडला तर लोक भांडतात. दुसरं पोत्यात, आणि आपण मे महिन्यात त्याच्या शेजारून रील काढत जातो, नावही माहीत नसतं.

अपेक्षा

लग्नाच्या बायोडेटात शेवटी ‘अपेक्षा’ लिहितात आणि पुढे ‘अनुरूप’. इथे जरा स्पष्ट लिहिते, कारण वाचणारे आपणच आहोत, हिमाचलची तिकिटं आपलीच बुक झालेली असतात.

एक. पायवाट सोडू नका. एका पानावर उभं असलेलं, अजून सहा वर्षं फुलणार नसलेलं रोप आपल्याला गवतच वाटतं. बुटाखाली काय गेलं, हे कळतही नाही.

दोन. ढाब्यावर, होमस्टेमध्ये, कुणी ‘असली जडी है, मॅडम’ म्हणून नागछत्री पुढे केली, गुडघ्यासाठी, ताकदीसाठी, कशाहीसाठी, तर घेऊ नका. ऑनलाइन दिसली तरी नाही. घासाघीस करून स्वस्तात मिळाली म्हणून तर मुळीच नाही.

तीन. सापडली तर फोटो जरूर टाका, पण अचूक लोकेशन टाकू नका. ते वाचणारे सगळेच ट्रेकर नसतात.

चार. लोकल गाइड घ्या, आणि त्याला पैसे द्यायला खळखळ करू नका. ज्याला झाड दाखवण्याचे पैसे मिळतात, त्याला ते खणायची गरज कमी पडते. माझ्या गाइडने दिवसभरात अशी बरीच झाडं दाखवली आणि एकालाही हात लावला नाही. संध्याकाळी ठरल्यापेक्षा जास्त दिले, तर लाजला.

आणि कधी कॅनडाला जाणं झालंच, ऑनसाइट म्हणा, बहिणीकडे म्हणा, तर मेचे पहिले दोन-तीन आठवडे पकडा. जूनमध्ये गेलात तर जंगल हिरवंगार मिळेल, पण हे नाही. एखाद्या फुलाच्या पाकळ्यांवर हिरवे पट्टे दिसले तर नवीन व्हरायटी म्हणून उड्या मारू नका. तो एका सूक्ष्मजीवाचा संसर्ग असतो, तुडतुड्यांमुळे पसरणारा. आणि कुणी आजी ‘अगेन्स्ट द लॉ’ म्हणाल्या, तर त्यांना करेक्ट करायला जाऊ नका. मान डोलवा आणि पुढे चला.

पुढच्या आठवड्यात भेटूच.